मारिओ कार्ट वर्ल्ड घरी येण्याआधी काय काय तयारी करून ठेवायची

सुट्टीत सगळी भावंडं जमणार आणि कुणीतरी बाहेरून येताना निन्टेन्डोचं नवं गेमिंग मशीन स्विच २ आणि त्यावरचा गाड्यांच्या रेसचा गेम मारिओ कार्ट वर्ल्ड घेऊन येणार, असं तुमच्याकडे ठरलं असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की हा आधीच्या मारिओ कार्ट ८ डीलक्सच्या पुढचा गेम असला तरी तयारी ८ डीलक्ससारखी करून चालणार नाही. मारिओ कार्ट ८ मुळात २०१४ ला वी यू या निन्टेन्डोच्या जुन्या मशीनवर आला, २०१७ ला तोच डीलक्स होऊन स्विचवर आला, म्हणजे इतकी वर्षं आपण खेळलो तो गेम वी यू च्या मापाने शिवलेला होता. वर्ल्डचं काम पण २०१७ लाच सुरू झालेलं आणि तेव्हा तो साध्या स्विचसाठीच बनत होता. प्रोड्यूसर कोसुके याबुकी आणि त्यांच्या टीमने निन्टेन्डोच्याच मुलाखतीत हे नीट सांगितलंय, की सगळे ट्रॅक एकमेकांना जोडलेलं अख्खं जग, २४ गाड्या आणि सेकंदाला ६० फ्रेम (म्हणजे ६० चित्रं), हे सगळं एकदम जुन्या मशीनवर बसेना, एक घेतलं की दुसरं सोडावं लागायचं, रिझोल्यूशन कमी करू का, ३० फ्रेमवर येऊ का, असं चाललेलं, आणि मग २०२० मध्ये नवीन मशीनवर न्यायचं बोलणं निघालं. तिथून गेमला हात-पाय पसरायला जागा मिळाली. म्हणून खालची सगळी तयारी मी एकाच हिशोबाने सांगतोय, नव्या मशीनमुळे गेममध्ये जे आलंय ते तुमच्या टीव्हीपर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर एवढे पैसे घालून आपण परत ८ डीलक्सच खेळत बसणार.

पहिलं काम आणणाऱ्याला फोन करायचं. तो जपानमधून आणत असेल तर लगेच थांबवा आणि विचारा की कुठलं मॉडेल, कारण तिथे लाँचच्या वेळी ४९,९८० येनला जे स्वस्त मॉडेल आलं ते फक्त जपानी भाषेत चालतं आणि त्यावर जपानचंच निन्टेन्डो अकाउंट लागतं, भाषा बदलायची सोयच नाही. स्वस्त दिसलं म्हणून उचललं की संपलं. अमेरिकेतून आणत असेल तर लाँचला म्हणजे ५ जून २०२५ ला नुसतं मशीन ४४९.९९ डॉलर, गेमसकट बंडल ४९९.९९, आणि गेम सुटा ७९.९९, म्हणजे बंडल मिळालं तर ३० डॉलर वाचायचे, पण बंडलमध्ये डाउनलोड कोड असतो, कार्ड नसतं. घरात पुढे कुणाला गेम वापरायला द्यायचा असेल तर सुटं कार्डच घ्या असं मी म्हणेन. अमेरिकन पिन आपल्या सॉकेटमध्ये जात नाही, त्यामुळे चांगला कन्व्हर्टर आधीच आणून ठेवा, आणि अडाप्टर मशीनबरोबर आलेलाच वापरा, डॉकला, म्हणजे मशीन टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडला, टीव्हीवर चित्र द्यायला चांगली पॉवर लागते, मोबाईलचा जुना चार्जर तिथे कामाचा नाही.

मेमरी कार्डचं नीट वाचा कारण इथे पैसे वाया जायची खूप शक्यता आहे. मशीनमध्ये २५६ जीबी आहे, त्यात वर्ल्ड आरामात मावतो, तेव्हा पहिल्या दिवशी कार्ड नसलं तरी काही अडत नाही. पण घ्यायचंच असेल तर मायक्रोएसडी एक्सप्रेस लिहिलेलंच घ्या, जुन्या स्विचमधलं साधं कार्ड यात टाकलं तर त्यावर फक्त जुने स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ बघता येतात, गेम चालत नाही. लोक याला निन्टेन्डोचा पैसे काढायचा धंदा म्हणतात, मला ते पटत नाही, कारण ज्या गेममध्ये तुम्ही एका ट्रॅकवरून निघून शेतं, हायवे, समुद्र, बर्फ पार करत न थांबता दुसऱ्या ट्रॅकवर पोचता, तिथे गाडी पुढे जाताजाता पुढचं जग आत ओढून घ्यायला स्टोरेजचा स्पीड लागतोच. ८ डीलक्समध्ये एक ट्रॅक लोड झाला की रेस संपेपर्यंत तेवढाच ट्रॅक, इथे तसं नाही. रॅम पण जुन्या स्विचची ४ जीबी होती ती आता १२ जीबी झालीय, ती उगाच नाही.

टीव्हीसाठी नवीन ४के घ्यायची घाई करू नका. मशीन ४के देतं हे खरं, पण वर्ल्ड डॉकवर १४४०पी (४के पेक्षा जरा कमी बारीक चित्र) आणि ६० फ्रेमवर चालतो, तेव्हा घरचा टीव्ही ठीक असेल तर तोच राहू दे. करायचं काय, तर टीव्हीचा गेम मोड शोधून चालू करा, एचडीआर (उजेड-अंधाराचा फरक जास्त नीट दाखवायची सोय) असेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथलं ॲडजस्टमेंट एकदा शांतपणे करून घ्या, नाहीतर बर्फाच्या ट्रॅकवर सगळं पांढरंफेक दिसतं. केबल बॉक्समधलीच लावा. आणि जुना डॉक काढून ठेवा, तो या मशीनला चालत नाही.

कंट्रोलरचं मात्र चांगलं आहे. जुने जॉयकॉन (जुन्या स्विचच्या दोन बाजूंचे निघणारे छोटे कंट्रोलर) आणि जुना प्रो कंट्रोलर फेकू नका, ते वायरलेस जोडून वर्ल्ड मस्त खेळता येतो, फक्त जुने जॉयकॉन नव्या मशीनला चिकटत नाहीत (नवीन चुंबकावर बसतात) त्यामुळे त्यांचं चार्जिंग वेगळं करावं लागतं, म्हणून जुना स्विच किंवा चार्जिंग ग्रिप हाताशी ठेवा आणि आदल्या रात्रीच सगळं चार्ज करा. चौघं एका टीव्हीवर बसणार असाल तर हेही माहीत असू दे की दोघांपर्यंत ६० फ्रेम मिळतात, तिघं किंवा चौघं झाले की ३० वर येतं. ज्याला स्पीडचा फरक जाणवतो त्याला आधीच सांगून ठेवा. माझा सल्ला, मोठा टीव्ही असेल तर चौघं बसा, लहान असेल तर दोघादोघांच्या पाळ्या लावा, कारण या गेममध्ये लांबचा रस्ता बघण्यातच अर्धी मजा आहे आणि पाव स्क्रीनवर लांबचं काय दिसणार.

सेटअप पाहुणे यायच्या आधी उरकून टाका. बॉक्स उघडल्यावर पहिलं काम सिस्टीम अपडेट, त्याशिवाय जुने गेम आणि गेमचॅट (खेळताखेळता एकमेकांशी बोलायची सोय) चालणार नाहीत, मग जुन्या स्विचवरून ट्रान्सफर, तो सुरुवातीच्या सेटअपमध्येच करून घेतलेला बरा, दोन्ही मशीन जवळजवळ ठेवून, दोन्ही चार्जिंगला लावून. ऑनलाइन खेळायचं असेल तर निन्टेन्डो स्विच ऑनलाइनची मेंबरशिप लागते, आणि गेमचॅट ३१ मार्च २०२६ पर्यंतच सगळ्यांना मोकळं ठेवलेलं होतं, त्यापुढे त्यालाही मेंबरशिप. गेमचॅटसाठी अकाउंटला फोन नंबर जोडायला लागतो आणि १६ च्या खालच्या मुलांना पॅरेंटल कंट्रोल ॲपमधून आईबाबांनी परवानगी द्यावी लागते, हे काम आत्याला किंवा काकूला ऐनवेळी सांगू नका, आधी फोन करून समजावून सांगा. खरं तर जे भाऊबहीण परदेशात आहेत त्यांच्यासाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, मशीनमध्येच माइक आहे, सी बटण दाबलं की बोलणं सुरू, यूएसबी कॅमेरा लावला तर चेहरा पण दिसतो. फक्त न्यू जर्सी आणि पुण्याच्या वेळा जुळवून शनिवारची सकाळ का रात्र ते आधी ठरवा. आणि डॉकला लॅनचं पोर्ट आहे, राउटर जवळ असेल तर सरळ वायर लावा.

आता हाताची तयारी, आणि इथे खरा वेळ द्या. ८ डीलक्सवाल्यांच्या बोटांना आर बटण दाबलं की उडी आणि ड्रिफ्ट (वळणावर गाडी घसरवत नेणं) एवढंच माहीत आहे. इथे सरळ जाताना आर दाबून धरायचं, गाडीखाली ठिणग्या यायला लागल्या की सोडायचं, मग गाडी उंच उडते, त्याला चार्ज जंप म्हणतात, आणि ती उडी बरोबर बसली तर तुम्ही रस्त्याकडेच्या रेलिंगवर किंवा तारेवर चढून घसरत जाता, नाहीतर भिंतीला चिकटून भिंतीवरूनच गाडी चालवता. मेनूत प्लस दाबलं की फ्री रोम, म्हणजे रेसशिवाय मोकळं फिरणं, सुरू होतं, तिथे एकट्याने बसून हेच करा. एक रेलिंग निवडा, त्यावर चढा, पडलात की रिवाइंड करून, म्हणजे गाडी थोडी मागच्या जागी नेऊन, परत चढा. निळे पी स्विच दिसतील, त्यावर गाडी घातली की छोटं मिशन सुरू होतं, ही मिशनं म्हणजे या नव्या उड्या शिकवणाऱ्या शाळाच आहेत, त्या टाळून थेट रेसला जाणाऱ्याला मग कळत नाही की बाकीचे वरच्या वायरीवरून पुढे कसे गेले. रिवाइंड एकट्याच्या रेसमध्ये पण चालतं, पण तुम्ही मागे जाता तेव्हा बाकीचे पुढे जातच राहतात, हे ध्यानात ठेवा.

मग नॉकआउट टूर. माझ्या मते याच्यासाठीच मशीन घ्यावं. २४ जण एकदम सुटतात आणि जगाच्या एका टोकाकडून दुसरीकडे न थांबता जातात, मध्ये चेकपॉइंट असतात आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचे चार बाहेर, २४ चे २०, मग १६, १२, ८, आणि शेवटी उरलेले चौघं फिनिशसाठी. समोर चेकपॉइंटचं गेट दिसतंय, तुमचा नंबर २१ आहे, हातात एकच मश्रूम (एकदम स्पीड देणारा आयटम), आणि उजवीकडून कुणीतरी शेल (गाडीला धडकणारं कवच) सोडलेलं, त्या क्षणी मश्रूम आत्ता लावायचा का गेटच्या जरा आधी, हा एवढा विचार ८ डीलक्समध्ये मधल्या नंबरवर कधी करावाच लागला नाही, तिथे बाराच गाड्या होत्या आणि पाचवा-सातवा नंबर म्हणजे निवांत. इथे मधल्या गर्दीत सारखा मार बसतो, तेव्हा सगळ्यांना आधीच सांगा की पहिल्या दिवशी आपण बाहेर पडणार, चिडायचं नाही, आयटम जपून ठेवायचा, आणि कॉइन गोळा करायचे, ते आता १० नाही, २० पर्यंत घेता येतात.

लहानांसाठी आणि आजी-आजोबांसाठी स्मार्ट स्टीअरिंग चालू करा, गाडी रस्त्याबाहेर पडत नाही. ॲक्सिलरेटर आपोआपचं सेटिंग पण आहे. चिमुकल्यांना गाय निवडायला द्या, जी मू मू मेडोज या ट्रॅकवर वी या जुन्या मशीनच्या काळापासून नुसती रस्त्यात उभी असायची ती आता स्वतः गाडी चालवते, पोरं खूष होतात.

ग्रँड प्रिक्सबद्दल, म्हणजे एकामागून एक रेसच्या स्पर्धेबद्दल, मात्र आधीच बोलून ठेवा. पहिली रेस तीन लॅपची असते, त्यानंतर बहुतेक वेळा तुम्ही मागच्या ट्रॅकवरून पुढच्या ट्रॅककडे गाडी चालवत जाता आणि तो प्रवासच रेसचा भाग असतो. ज्यांना तीन-तीन लॅप मारत ट्रॅक पाठ करायची सवय आहे त्यांना हे सुरुवातीला आवडत नाही, मलाही मधले लांब सरळ रस्ते काही ठिकाणी रिकामे वाटतात, जग जोडायचं म्हणून टाकलेले. पण व्हीएस रेसमध्ये (नियम आपण ठरवायचे ती रेस) साध्या तीन लॅप लावता येतात, तेव्हा भांडण नको, अर्धा वेळ तसं, अर्धा वेळ नॉकआउट. गाडीचे पार्ट जोडून बनवायची सोय या गेममध्ये नाही, पूर्ण गाडीच निवडायची, तेव्हा ज्याने ८ डीलक्ससाठी टायर आणि ग्लायडरचं कॉम्बिनेशन पाठ केलंय त्याला गाड्यांचे स्टॅट्स (स्पीड, वजन वगैरेचे आकडे) नव्याने बघायला सांगा.

आणि ८ डीलक्सचं कार्ड विकू नका. स्विच २ वर ते चालतं, बूस्टर पास (जादा ट्रॅकचं पॅक) घेतलेला असेल तर ९६ ट्रॅक आहेत, २०० सीसी हा सगळ्यात वेगवान प्रकार आहे, उलट्या रस्त्यावर छताला चिकटून जाणारं अँटी ग्रॅव्हिटी आहे, आणि यातलं २०० सीसी किंवा अँटी ग्रॅव्हिटी वर्ल्ड आला तेव्हा त्यात नव्हतं. दोन्ही कार्ड एका डबीत ठेवा, कंट्रोलर एका पिशवीत, आणि पॉवरचा एक्स्टेंशन बोर्ड टीव्हीजवळ आधीच लावून ठेवा.