वडीची वाटणी कशी करावी

खरवसाची वडी दोघांत वाटायची असली की मी थोरल्याच्या हाती सुरी देते आणि आधी उचलायचा मान धाकटीला. मग बघा, थोरला ताटली डोळ्यांसमोर धरून सुरीने दोनदा मापतो, तेव्हा कुठे कापतो.

पण सारखं ते रास्तच, असं नाही. रास्त भाव दुकानातलंच घ्या: २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य, तर अंत्योदय म्हणजे गरिबांतल्या गरीब कुटुंबाला, माणसं कितीही असोत, ३५ किलो. गरज बघून माप ठरवलंय. तेव्हा वाढण्याआधी विचारा, भूक कुणाला जास्त, राबलं कोण? गुपचूप दिलेलं झुकतं माप पोरांच्या मनाला फार लागतं. तापातून उठलेल्याला मी वाटीभर जास्त वाढते, आणि का ते सगळ्यांसमोरच सांगते.