जुन्या फ्लेमिश चित्रावरची अक्षरं कशी लावायची

कोल्हापुरात कुणाच्या वाड्यात माळ्यावर फळं, पेला, सुरी असलं जुनं विलायती, फ्लेमिश म्हणजे आताच्या बेल्जियमकडचं चित्र निघालं की पहिलं काय, तर कोपऱ्यातल्या अक्षरांचा फोटो ग्रुपवर, आणि मग प्रत्येकजण वेगळं नाव सांगणार. अक्षरं नंतर वाचा हो, आधी ती कुठं आहेत आणि कधी आलीत ते बघा.

गुजरीत सराफ वापरतात तसलं भिंग घ्या. ठिपके-ठिपके दिसले तर ते छापील आहे, विषय संपला. खरा रंग असेल तर अक्षराजवळच्या भेगा बघायच्या. भेग अक्षरालाही चिरून गेली असेल तर चांगलं, पण अक्षराचा रंग भेगेत उतरलेला दिसला तर सही नंतर कुणीतरी ठोकलीय, आणि असलं लई होतं कारण नाव असलं की भाव वाढतो. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारा, जुनं व्हार्निश हिरवट चमकतं, वरून केलेलं काम काळं उठतं. ओलं फडकं, बटाटा, तेल, यातलं काहीही लावायचं नाही म्हणजे नाही.

अक्षरं पुसट असतील तर साधा टॉर्च चित्राला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि चारी बाजूंनी फोटो काढा. कोपऱ्यातच अडकू नका, टेबलाची कड, भांडी, सगळं बघा. बेल्जियमच्या अँटवर्प शहराशी नाव जोडलेली चित्रकार क्लारा पीटर्स, १६११ च्या आसपासची, तिनं काही चित्रांत आपलं नाव चांदीच्या सुरीच्या मुठीवर कोरल्यासारखं रंगवलंय, आणि पेल्याच्या चकाकीत स्वतःचा चेहरा पण, इवलासा!

आता वाचन. नावामागं एकटा एफ (f) किंवा 'फेक' (fec) दिसलं तर ते आडनाव नाही, लॅटिन 'फेसिट' आहे, म्हणजे यानं केलं. सालातला १ बऱ्याचदा जे सारखा असतो. दोन-तीन अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतील तर तो मोनोग्राम, तो नेदरलँड्समधल्या हेगच्या आरकेडी (RKD) या कला-इतिहास संस्थेच्या ऑनलाइन चित्रसंग्रहातल्या सह्यांशी ताडून बघायचा. कवटी-मेणबत्तीशेजारी 'व्हॅनिटास' असेल तर ती सही नव्हे, बायबलातल्या 'सगळं व्यर्थ' या वचनातला शब्द आहे. खाली नुसता पांढरा किंवा लाल आकडा असेल तर तो बहुतेक कुठल्यातरी जुन्या संग्रहाचा यादी नंबर, साल समजू नका.

मागची बाजू मात्र सोडू नका राव. लाकडी फळी असेल तर अँटवर्पचा शिक्का, म्हणजे किल्ला आणि दोन हात, डागलेला मिळू शकतो. जुनी कागदी चिठ्ठी चिकटलेली असेल तर सोलायची नाही, तशीच फोटोत घ्या, लिलावाचा नंबर बऱ्याचदा तिच्यावरच असतो.