पहिली रायफल घेताना आधी हवेच्या सिलिंडरवरचं साल वाचा

1 ऑगस्ट 2024 ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं आणि पुढच्या आठवड्यात आमच्या शूटिंग रेंजवर चपला ठेवायला जागा उरली नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा रेल्वेतला टीसी, म्हणजे आपल्यातलाच. आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच. "ताई, 50 मीटरची रायफल केवढ्याला पडते?"

मीही सहा वर्षांपूर्वी हेच विचारलं होतं, म्हणून हसत नाही. उत्तर मात्र सरळ देते. तुमची पहिली रायफल 50 मीटरची नसणार. 50 मीटरला पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंच नळीची, खऱ्या गोळीची रायफल लागते, ती बंदुकीच्या व्याख्येत बसते, तिला शस्त्र परवाना लागतो. गोळ्यांचा खर्च तर असा, की महिन्याला किती मारायच्या याचा हिशोब घरी द्यावा लागतो. एवढं करून समोरच्या कार्डावरचा दहा गुणांचा गोल 10.4 मिलिमीटरचा, आणि मध्ये वारा. त्या अंतरावर जायचं असेल तर क्लबच्या रायफलवर, क्लबच्या गोळ्यांवर, तेही दोनेक वर्षांनी. 300 मीटरचं बिग बोअर, म्हणजे मोठ्या नळीची रायफल, तर डोक्यातून काढूनच टाका.

सुरुवात 10 मीटर एअर रायफलनं. 4.5 मिलिमीटरचा पॅलेट, म्हणजे छर्रा, आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या आसपासच असते, त्यामुळे ती आरामात बसते. दुकानदार "ही जास्त पॉवरफुल आहे" म्हणून 5.5 मिलिमीटरची एअरगन पुढे करेल. घेऊ नका. स्पर्धेत ती चालत नाही आणि परवान्याच्या भानगडीत तुम्ही फुकट अडकता. दुर्बीण लावलेलीही नको. आपल्या खेळात दुर्बीण नाही, डायऑप्टर आहे, म्हणजे डोळ्याजवळचं बारीक भोक, त्यातून नेम धरायचा. व्हिडिओवर रिव्ह्यू टाकणारे बहुतेक लोक डबे उडवतात. त्यांचं ऐकून रायफल घेणं म्हणजे बैलगाडी शर्यतीच्या जाणकाराला विचारून म्हैस घेणं.

अंतर दहाच मीटर आहे म्हणून नाक मुरडू नका. त्या कार्डावरचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पेनाच्या टोकाएवढा.

आता माझी गोष्ट. लांबेल.

2021 च्या दिवाळीत मी एकोणीस वर्षांची होते. दोन वर्षं क्लबच्या रायफलवर काढली होती, ओपन साइटवरून (उघड्या खाचेतून नेम) पीप साइटवर (म्हणजे तेच डायऑप्टर) आले होते, आणि आयएसएसएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या प्रकारात उतरायची घाई झाली होती. नवीन परदेशी मॅच रायफल आमच्या ऐपतीबाहेरची. वडिलांचे चार माग, त्यातले दोन बंद. तेवढ्यात पुण्यातल्या एका सीनियर शूटरची रायफल विकायला निघाली. जर्मन कंपनीची, पीसीपी, म्हणजे खाली हवेचा सिलिंडर असलेली. किंमत 95 हजार. वडिलांनी पतसंस्थेतून 60 काढले, आईची भिशी लागली, बाकी मामानं दिले.

पुण्याला जाऊन मी रायफल बघितली. बॅरल बघितलं, ट्रिगर दहादा दाबून बघितला, बट-प्लेट माझ्या खांद्याला बसते का, गाल टेकायचं चीक-पीस वर येतं का, डायऑप्टरचे क्लिक नीट वाजतात का, सगळं. दहा पॅलेटचा ग्रुप मारला, एकाच भोकात. सिलिंडरच्या गेजवर काटा 200 बारवर. ते सीनियर दादा म्हणाले, "वेपन एकदम मेंटेन्ड आहे." आणि ते खरंच होतं. तसं ते खोटं बोलले नाहीत. मी जे विचारलं नाही ते त्यांनी सांगितलं नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धा. आदल्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोल. जॅकेटची जाडी मोजली, ट्राउझर मोजली, बूट वाकवून बघितले, रायफल काट्यावर ठेवली. साडेपाच किलोच्या आत. मी श्वास सोडला. मग समोरच्या बाईंनी सिलिंडर फिरवला, चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "हे 03/12 काय आहे?"

मला खरंच माहीत नव्हतं.

हे आता नीट वाचा. कंटाळा आला तरी वाचा, मी हे रेंजवर प्रत्येकाला दोनदा सांगते. हवेच्या सिलिंडरला आयुष्य असतं. मोठ्या मॅच रायफल कंपन्या ते दहा वर्षं धरतात. ही दहा वर्षं बनवल्याच्या तारखेपासून मोजायची. तुम्ही विकत घेतला त्या दिवसापासून नाही, पहिल्यांदा हवा भरली तेव्हापासूनही नाही. सिलिंडर पाच वर्षं कपाटात पडून असला तरी ती पाच वर्षं गेलीच. महिना आणि साल सिलिंडरच्या अंगावर कोरलेलं असतं, बारीक अक्षरात. रायफलला लावलेला असताना ते खालच्या किंवा आतल्या बाजूला जातं आणि दिसत नाही. म्हणून सिलिंडर काढून, हातात घेऊन, उजेडात फिरवून वाचायचं. कोरलेलं साल बनावटीचं आहे की मुदत संपण्याचं, हेही विचारून घ्यायचं. माझ्यावरचं बनावटीचं होतं. मार्च 2012. म्हणजे मी घेतला तेव्हा त्याचे जेमतेम चार महिने उरले होते.

रायफलचं वय आणि सिलिंडरचं वय एकच असेल असंही धरू नका. सिलिंडर सुटे असतात, अदलाबदल होतात. रायफल 2018 ची आणि सिलिंडर 2012 चा, असं मी नंतर स्वतः पाहिलंय. दोन सिलिंडर मिळत असतील तर दोन्हींवरची सालं वाचा. "एक स्पेअर फुकट देतो" म्हणतात तो फुकटचा बहुधा कालबाह्य असतो. आणि गेजवर विश्वास ठेवू नका. गेज आत किती हवा आहे ते सांगतं. धातू किती थकलाय ते सांगत नाही.

मुदत कागदी वाटते, मलाही वाटली होती. पण 200 बार म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास नव्वदपट दाब. प्रत्येक वेळी भरताना सिलिंडर केसभर फुगतो, मारता मारता पुन्हा आकसतो. हातपंपानं भरली आणि हवेत ओल असली तर आतून गंज किंवा खड्डे पडतात, ते बाहेरून कधीच दिसत नाहीत. आणि ही वस्तू तुमच्या डाव्या हाताला लागून, गालापासून हातभर अंतरावर असते. स्पर्धेच्या नियमात सिलिंडर मुदतीतला आहे याची जबाबदारी सरळ खेळाडूवर टाकलेली आहे. "मला विकणाऱ्यानं सांगितलं नाही" याला तिथं किंमत नाही. माझ्यासमोरच्या बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "बाळ, मी हा आत सोडू शकत नाही."

त्या दिवशी मला नाशिकच्या एका ज्युनियर मुलीनं तिचा सिलिंडर दिला. तिची रायफल त्याच मॉडेलची निघाली हे माझं नशीब. दुसऱ्या मॉडेलचा आटा बसलाच असता असं नाही. तिची डिटेल, म्हणजे मारायची फेरी, सकाळची, माझी दुपारची. मी मारलं. कसं मारलं ते विचारू नका. वडिलांना फोन केला तर ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "जुनी मोटरसायकल घेताना आपण पासिंगचं साल बघतो की नाही? मग हे कसं बघितलं नाहीस?" नवीन सिलिंडर आयात करून यायला साडेतीन महिने आणि 28 हजार लागले. म्हणजे रायफल 95 ची नव्हतीच, 1 लाख 23 हजारांची होती.

तरी घाबरू नका. जुनी मॅच रायफल घेणं हा मूर्खपणा नाही. आपल्यासारख्यांना तोच रस्ता आहे. फक्त सिलिंडर सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर नव्या सिलिंडरची किंमत रायफलच्या किमतीत आधीच मिळवा आणि मग घासाघीस करा. त्या मॉडेलचा सिलिंडर आज मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

दुसरा पर्यायही आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. साइड-लिव्हरच्या जुन्या रायफली. फाइनवेर्कबाऊ 603, आन्शुट्झ 2002 यांसारख्या. प्रत्येक शॉटला बाजूचा दांडा एकदा ओढायचा, तेवढ्यानंच हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, मुदत नाही, पंप नाही. सील झिजतात, पण ते बदलता येतात. स्पर्धेतल्या साठ शॉटला साठ वेळा दांडा ओढून खांदा भरून येतो आणि दर वेळी पोझिशन मोडते, म्हणून लोक नाकं मुरडतात. माझं मत उलटं आहे. पोझिशन साठ वेळा नव्यानं लावायची सवय पहिल्या वर्षी लागली तर चांगलंच. आमच्या रेंजवरचा सगळ्यात स्थिर मुलगा अजून 603 वरच मारतो.

अगदीच पैसे नसतील तर भारतीय बनावटीची साधी स्प्रिंग एअरगन घेऊन ओपन साइटमध्ये उतरा. स्प्रिंगचा झटका बसतो, ग्रुप मोठा येतो, पण धरणं, श्वास, ट्रिगर हे सगळं शिकता येतं. जिल्ह्याला, राज्याला ओपन साइटचे वेगळे प्रकार असतात. त्यातून पुढे अखिल भारतीय मावळणकर नेमबाजी स्पर्धेपर्यंत जाता येतं. ज्यांच्या नावानं ती आहे ते आपले ग. वा. मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. 1951 साली नॅशनल रायफल असोसिएशन उभी करणारेही तेच.

कोचबद्दल एक कडू गोष्ट. पहिल्याच महिन्यात "स्वतःचं वेपन घे, माझ्याकडे एक आहे" म्हणणाऱ्या कोचपासून लांब राहा. सगळे वाईट नसतात, पण विकणारा आणि शिकवणारा एकच असला की तुम्ही प्रश्न विचारायला कचरता. मीही कचरले होते. सहा महिने क्लबच्या रायफलवर काढा, रोज वीस मिनिटं घरी भिंतीसमोर होल्डिंग करा, म्हणजे न मारता नुसता नेम धरून उभं राहा. होल्डिंगला पॅलेट लागत नाही, लाइट बिल येत नाही. जे हे टाळतात ते रायफल बदलत राहतात.

बाकी किरकोळ. जॅकेट जुनं चालतं, बूट शक्यतो नवे. पॅलेटच्या हेडचं माप 4.49 की 4.50 यावर पहिल्या वर्षी वेळ घालवू नका. सिलिंडरच्या तोंडाला आपल्या मनानं तेल किंवा ग्रीस लावू नका, आणि हवेच्या जागी ऑक्सिजन तर मुळीच भरू नका. एसटीनं जाताना बिल आणि क्लबचं पत्र केसमध्ये ठेवा, कंडक्टर विचारतात. मला एकानं "पेटी आहे का?" विचारलं होतं आणि मी हो म्हणाले होते.

03/12 चा तो सिलिंडर बरेच दिवस कपाटात होता. गेल्या वर्षी एकाचा फोन आला, "तुमच्याकडे जुना सिलिंडर आहे ना, पाच हजार देतो." मुलाला पहिली रायफल घेतली होती त्यानं, पीसीपी, सिलिंडरशिवाय, स्वस्तात. मी नाही म्हटलं आणि त्याला हे सगळं अर्धा तास सांगितलं. दुसऱ्या दिवशी सिलिंडरमधली उरलीसुरली हवा पूर्ण सोडली, काटा शून्यावर आलेला दोनदा बघितला आणि एमआयडीसीतल्या ओळखीच्या फिटरकडे नेऊन त्याला आरपार भोक पाडून घेतलं. फिटरनं वीस रुपये घेतले.