आधी हंगाम, मग गाव: साताऱ्याकडे दोन दिवस मुक्कामाला जायचं तर

साताऱ्याकडे जायचं ठरलं की बहुतेक जण आधी खोल्यांचे फोटो चाळत बसतात. जेवणाचा विचार तिथं पोचल्यावर होतो आणि मग गावात येऊन पनीरची भाजी खावी लागते. क्रम उलटा लावा. शेतात सध्या काय तयार आहे ते आधी बघा. त्यावरून तालुका ठरेल आणि घर सगळ्यात शेवटी. पश्चिमेला जावळी, पाटण, महाबळेश्वरात पाऊस कोसळतो, म्हणून तिथं भात आणि नाचणी. पूर्वेला माण-खटावात त्याच पावसाची वाट बघावी लागते, म्हणून तिथं ज्वारी-बाजरी. दोन्हीकडची चूल वेगळी, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही उरकायला जाऊ नका.

१. हंगाम पक्का करा

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा कास पठाराच्या फुलांचा काळ. जांभ्या खडकाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या माथ्यावर, मातीचा थर इतका पातळ, की मोठं झाड तिथं तग धरत नाही. पावसाच्या ओलीवर तेरडा, गेंद, सीतेची आसवं अशी बुटकी फुलझाडं मात्र सडा भरून टाकतात. २०१२ साली पश्चिम घाटासोबत हे पठार जागतिक वारशात गेलं आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी तिथं फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात. ऑनलाइन बुकिंग आधी करा, शक्यतो मंगळवार-बुधवारचं. मुक्काम पठारालगत न करता खाली बामणोलीकडे करा. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी घरगुती सोय होते आणि ताटात नाचणीची भाकरी, खर्डा, वाफाळता भात येतो. जरा आधी, ऐन पावसात गेलात तर भारंगी, कुर्डू अशा रानभाज्याही मिळतात. फक्त जळवांची तयारी ठेवा.

वासोटा किल्ला डोक्यात असेल तर पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा तो बंद असतो. एरवी बामणोलीत वनखात्याची परवानगी काढून, लाँचने पाणी ओलांडून जावं लागतं आणि संध्याकाळच्या आत परतावं लागतं. ओळखपत्र बरोबर हवं.

माझं मत विचाराल तर खरी मजा थंडीत आणि पूर्वेकडे. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत माण, खटाव, फलटण भागात ज्वारीचा हुरडा. दाणा दुधात असतो ते दिवस प्रत्येक रानात मोजकेच असतात, त्यामुळे निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करून ‘कणीस कुठवर आलंय?’ असं सरळ विचारा. शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणसं आरात खुपसतात, भाजली की हातावर चोळून गरम दाणे पुढ्यात टाकतात. बरोबर लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हुरडा सकाळी खावा आणि पोटाला झेपेल तेवढाच खावा. दुपारचं जेवण त्यानंतर उशिरा सांगा, नाहीतर चुलीवरच्या बाजरीच्या भाकरीला न्याय मिळत नाही.

याच दिवसांत कराड-ईश्वरपूरकडे (पूर्वीचं इस्लामपूर) गुऱ्हाळं चालू असतात. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळायला टाकला की गूळ व्हायला तास-तास लागतात. गुळव्याला विचारा, ‘आदण कधी उतरणार?’ (आदण म्हणजे काहिलीत एका वेळी उकळणारा रस) आणि त्या बेतानं पोचा. ताजी काकवी भाकरीबरोबर खायला मागा, पण पोरांना काहिलीपासून लांब ठेवा.

उन्हाळ्यात पूर्वेकडे जाऊच नका. तापोळ्याकडे करवंदं-जांभळं मिळतात, तेवढं पुरे.

२. घर निवडताना फोनवर विचारा

कृषी पर्यटन केंद्रं आणि न्याहारी-निवास योजनेतली घरं यांची पर्यटन खात्याकडे नोंदणी असते. ती आहे का ते विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. स्वयंपाक घरातलं माणूस करतं की बाहेरून डबा येतो? चूल रोज पेटते की फक्त फोटोपुरती? अंघोळीला बंब आहे का? संडास खोलीला लागून की अंगणापलीकडे? आजीआजोबा बरोबर असतील तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डिसेंबर-जानेवारीत रानातली रात्र चांगलीच गार असते, म्हणून पांघरुणं किती मिळतील तेही विचारा. मोबाइलला रेंज नसेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

३. जेवण आदल्या दिवशी सांगा

गावातल्या घरी मेन्यूकार्ड नसतं. मटण हवं तर आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं, आणि वार बघून. सोमवार, शनिवार, एकादशी अनेक घरं पाळतात. श्रावणात कितीतरी घरी महिनाभर मांसाहार बंद असतो. हुरड्याच्या तोंडावरच मार्गशीर्षातले गुरुवार येतात, तेही लक्षात ठेवा. काकींना ‘तुमच्याकडे आज जे असेल ते वाढा’ म्हटलंत तर पिठलं, भरलं वांगं, घेवड्याची आमटी असं काहीतरी येतं, आणि ते सांगून करवलेल्या मटणापेक्षा सरस निघण्याची शक्यता बरीच. तिखट सोसत नसेल तर आधीच बोला. खर्डा समोर आल्यावर बोलून उपयोग नाही.

गावची जत्रा असेल त्या दिवशी खोली मागू नका, सगळी घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. वाईजवळ बावधनचं बगाड, म्हणजे जत्रेतला बैलांनी ओढायचा लाकडी रथ, रंगपंचमीला असतं. ते बघायला जायचं तर मुक्काम वाईत धरा.

४. पोचणं

पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर. शनिवारी सकाळी खंबाटकी घाटात गाड्या अडकतात, म्हणून पहाटेच निघा किंवा शुक्रवारी दुपारी. रेल्वेनं येणाऱ्यांनी तिकिटावरचं नाव नीट वाचावं: ‘सातारा’ आणि ‘सातारा रोड’ ही दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि दुसरं कोरेगाव तालुक्यात आहे. कास-बामणोलीच्या एसट्या साताऱ्याहून सुटतात, पण परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात धुकं दाटतं, गाडी स्वतः चालवणार असाल तर अंधाराच्या आत वर पोचा.

५. निघताना

पैसे रोख ठेवा. रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. तांदूळ, घेवडा, हळद, काकवी घरातूनच विकत मिळत असेल तर तिथूनच घ्या, आणि जेवणाच्या दरात घासाघीस करू नका. कंदी पेढे साताऱ्यातून, ताजे बघून घ्या.