सर्क्युलर मोशनची गणितं सोडवताना आधी एक बाण खोडा

सर्क्युलर मोशनचं, म्हणजे वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचं, गणित चुकतं ते बहुतेक वेळा आकृतीतच. टेन्शन (दोरीचा ताण) काढलं, वजन काढलं आणि मग वर आणखी एक बाण काढून त्याला सेंट्रिपेटल फोर्स असं नाव दिलं, की पुढचं सगळं फसलंच. तो बाण आधी खोडा. असं वेगळं बल नसतंच, टेन्शन, वजन, नॉर्मल (पृष्ठभाग लंब दिशेने ढकलतो ते बल), घर्षण ही जी खरी बलं आहेत त्यांची केंद्राच्या दिशेने जी बेरीज येते तिलाच ते नाव आहे, आणि ती बेरीज एम व्ही स्क्वेअर बाय आर (एम वस्तुमान, व्ही वेग, आर त्रिज्या) एवढी असायला हवी, बस.

म्हणजे करायचं काय, तर केंद्र कुठे आहे ते बघा, केंद्राकडची दिशा प्लस धरा, त्या दिशेने बेरीज करून समीकरण मांडा.

उदाहरण घेऊ. अर्धा किलोचा दगड 1 मीटर दोरीला बांधून उभ्या वर्तुळात फिरतोय, तळाशी वेग सेकंदाला 8 मीटर, जी (गुरुत्वीय त्वरण) 10 धरा. तळाशी केंद्र वर आहे, म्हणून टेन्शन वजा 5 बरोबर 32, टेन्शन आलं 37 न्यूटन. आता माथ्यावर बघा, इथे केंद्र खाली आहे म्हणून वजनही प्लस होतं, आणि वेग 8 राहत नाही, कारण दगड 2 मीटर वर चढलाय. ऊर्जेच्या नियमाने वेगाचा वर्ग 64 वजा 40 म्हणजे 24. मग टेन्शन अधिक 5 बरोबर 12, टेन्शन 7 न्यूटन. हे उत्तर निगेटिव्ह आलं असतं तर समजायचं की दोरी आधीच सैल पडली आणि दगड गोल फिरत माथ्यापर्यंत पोचलाच नाही, कारण दोरी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही.

सपाट वळणावरच्या गाडीला केंद्राकडे ओढणारं फक्त घर्षण असतं. म्यू (घर्षण गुणांक) 0.8 आणि त्रिज्या 50 मीटर असेल तर जास्तीत जास्त वेग सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर, वस्तुमान दोन्हीकडून कटतं त्यामुळे ते दिलं नसेल तरी अडत नाही.

बँकिंगच्या, म्हणजे बाहेरची कड उंच करून तिरप्या केलेल्या वळणाच्या, गणितात मात्र उताराच्या गणितांची सवय आड येते, हात आपोआप अक्ष उताराला समांतर काढतो. तसं करू नका, वर्तुळ आडवं आहे, त्वरणही आडवंच आहे, म्हणून अक्ष आडवा आणि उभा घ्या आणि तुकडे नॉर्मलचे करा.