घड्याळाचं ब्रेसलेट 'ताणलं' नाही, आतून झिजलंय: या चुका टाळा

घड्याळ त्याच्या कडेवर उभं धरा, चावी वरच्या बाजूला, आणि ब्रेसलेट आडवं पसरू द्या. सांधे घट्ट असतील तर ते जवळपास सरळ राहतं. धनुष्यासारखं खाली झुकलं, तर लोक म्हणतात "ताणलं गेलं". मनगटावर वापरून स्टील ताणलं जात नाही. कड्यांमधल्या पिना बारीक होतात आणि त्यांची भोकं लांबट होतात, एवढंच.

झिजवतं कोण? घाम, त्वचेचं तेल आणि धूळ मिळून सांध्यात काळपट लगदा बनतो. तो पॉलिश पेपरसारखं काम करतो आणि मनगट वळलं की घासतो. म्हणून रोलेक्सच्या ब्रेसलेट-प्रकारांपैकी पाच तुकड्यांच्या ओळींचं ज्युबिली तीन तुकड्यांच्या ऑयस्टरपेक्षा लवकर सैल पडतं: कड्या लहान, सांधे जास्त. पत्रा दुमडून केलेल्या जुन्या पोकळ कड्या आणि १८ कॅरेट सोनं तर आणखी लवकर. रोलेक्सने सोन्याच्या काही ब्रेसलेटच्या कड्यांत सिरॅमिकच्या नळ्या बसवल्या, त्या याचसाठी.

तेव्हा पहिली चूक म्हणजे वरून चमकवत राहणं आणि आतला मळ तसाच ठेवणं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ टूथब्रश. ब्रेसलेट उलटं दुमडलं की कड्यांमधल्या फटी उघडतात. ब्रश तिथे फिरवा. पहिल्यांदा धुताना पाण्याचा रंग बघून ओशाळायला होतं. घड्याळापासून सोडवता आलं तर उत्तम, नाहीतर चावी घट्ट बसली आहे ना आणि घड्याळ पाणी सोसणारं आहे ना, ते आधी पाहा. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये फक्त सुटं ब्रेसलेट टाका. समुद्रात किंवा पोहण्याच्या तलावात गेलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

दुसरी चूक माझ्या हातून झालीय. कडीचा स्क्रू सुटेना म्हणून जोर लावला, पेचकस घसरला आणि क्लॅस्पवर (ब्रेसलेट बंद करायच्या खटक्यावर) आडवी रेघ उठली; रोज दिसते. असे स्क्रू बऱ्याचदा लॉकिंग गोंदाने बसवलेले असतात. आधी उष्णतेने गोंद मऊ करावा लागतो आणि पातं खाचेत नेमकं बसावं लागतं. पिनवाल्या कड्यांच्या आत बाण असतो: पिन बाणाच्या दिशेने काढायची, घालताना उलट बाजूने. काहींत इवलीशी नळीही असते. ती गालिच्यात गेली की गेलीच, आणि तिच्याशिवाय पिन टिकत नाही.

चमकवायच्या कापडाने बारीक रेषांचा मॅट भाग पुसू नका, त्या रेषा जातात. वारंवार पॉलिशही नको. दरवेळी थोडा धातू जातो आणि कडा गोलसर होतात.

स्प्रिंग बार (ब्रेसलेट घड्याळाला जोडणारी स्प्रिंगची बारीक दांडी) वाकला असेल, नीट उसळत नसेल, तर बदलाच. किरकोळ वस्तू आहे, पण तुटला तर घड्याळ जमिनीवर.

आणि सर्वात फसवी चूक: सैल झालं म्हणून एक कडी काढून टाकणं. ब्रेसलेट आखूड होतं, खुळखुळ तशीच राहते. झीज बेताची असेल तर कुशल कारागीर भोकांत नळ्या बसवून नव्या पिना घालतो, नाहीतर लेझर वेल्डिंगने भोकं भरून पुन्हा पाडतो. काढलेली कडी मात्र डबीत जपून ठेवा. जुन्या मॉडेलची सुटी कडी पुढे शोधूनही मिळत नाही.