समुद्री शैवालातली रसायनं शोधताय? या चुका टाळा

ओहोटीला बँडस्टँडच्या खडकांवरून उल्वा (एक हिरवं शैवाल) खरवडून आणायचं, मेथेनॉलमध्ये अर्क काढायचा, जीसी-एमएसला (नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणाऱ्या आणि वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राला) पाठवायचा आणि आलेली यादी जशीच्या तशी प्रबंधात डकवायची. मुंबईत एम.एस्सी.ची बरीच प्रोजेक्टं अशी उरकली जातात. यादीत थॅलेट दिसलं की 'जैवसक्रिय घटक सापडला' म्हणून मोकळे!

थॅलेट प्लास्टिक मऊ करायला वापरतात. वस्तुमान १४९ चा आयन ठळक दिसला की आधी संशय घ्यायचा तो पिशवीवर, नळीवर, सॉल्व्हंटवर. २०७ आणि २८१ दिसले तर ते बहुतेक वेळा यंत्रातल्या कॉलममधून (घटक वेगळे करणारी नळी) किंवा सेप्टममधून (सुई टोचायचं बूच) सुटलेलं सिलोक्सेन (सिलिकॉनचं संयुग) असतं. म्हणून ब्लँक हवाच: शैवाल सोडून बाकी सगळं तेच, म्हणजे तेच सॉल्व्हंट, तोच फिल्टर, तेवढंच आटवणं. अर्थात ब्लँक स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. समुद्रातच शैवालाला चिकटलेलं प्लास्टिक ब्लँकमध्ये कुठून दिसणार? तीच जात कोकणातल्या एखाद्या कमी गजबजलेल्या किनाऱ्यावरून आणून ताडून बघा. यंत्राच्या लायब्ररीशी, म्हणजे ज्ञात रसायनांच्या नोंदींशी, ९० टक्के जुळणी म्हणजेही फक्त अंदाज. स्टँडर्ड, म्हणजे त्याच रसायनाचा शुद्ध नमुना, चालवल्याशिवाय नाव ठामपणे लिहू नये.

उलट, कॅराजीनन, अल्जिनेट (शैवालातल्या लांब साखळीच्या शर्करा) किंवा फ्लोरोटॅनिन (तपकिरी शैवालातली फिनॉलं) जीसीत दिसलं नाही, तर 'नाही' असं लिहू नका. वाफ न होणारे हे रेणू कॉलमातून येतच नाहीत.

फिनॉल मोजायच्या फोलिन चाचणीत निळा रंग आला की सगळं फिनॉलच, हाही गैरसमज. क जीवनसत्त्व आणि काही शर्कराही तोच रंग देतात. सरगॅसमसारख्या तपकिरी शैवालासाठी गॅलिक आम्लापेक्षा फ्लोरोग्लुसिनॉल हे स्टँडर्ड जास्त रास्त. फेसावरून सॅपोनिन (साबणासारखा फेस देणारी संयुगं) ठरवणं तर सोडूनच द्या. प्रथिनांनाही फेस येतो.

निम्मी गडबड मात्र यंत्रापर्यंत पोचण्याआधीच झालेली असते. मीठ राहिलं तर कोरडं वजन फुगतं, मग 'दर ग्रॅममागे' काढलेले सगळे आकडे खोटे पडतात. एलसी-एमएसमध्ये (द्रवात विरघळलेला नमुना तपासणाऱ्या यंत्रात) हे मीठ सिग्नलही दाबतं. पण गोड्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवलं तर विरघळणारे घटक धुऊन जातात. किनाऱ्यावरच समुद्राच्या पाण्यात वाळू काढा, घरी झटपट विसळा. गच्चीत उन्हात वाळवू नका, फ्युकोझँथिन (तपकिरी शैवालातलं रंगद्रव्य) प्रकाशाने बिघडतं. पावसाळ्यात सावलीत वाळायच्या आत बुरशी धरते, तेव्हा ४० अंशांचा ओव्हन बरा. आणि थोडा नमुना हर्बेरियम शीटवर (वनस्पती जपून ठेवायच्या कागदावर) दाबून ठेवाच, कारण उल्वाच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखणं जाणकारांनाही जमत नाही.